सालीची पूड आणि मीराची पोळी

१६ मे
तिसरी खेप जमली. आंब्याच्या सालीची पूड पंधरा दिवस बरणीत, ना वास, ना गाठी. वसंतभावजींच्या गराच्या कारखान्यामागे सालींचे ढीग कुजतात, ते बघवत नव्हतं. नारायणगुड्याच्या शाळेत तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, तिचा निवृत्तीनंतर काही उपयोग झाला म्हणायचा.
लेक मीरा बाळंतपणाला आलीय, सातवा महिना. पोट साफ होत नाही म्हणते. आजपासून तिच्या कणकेत दोन चमचे पूड.

२४ मे
मीराला आराम. स्वतःच मागून घेते.

३ जून
गौलीगुड्याची शाळा मुलांच्या बिस्किटांत पूड घालायला तयार. भावजी खूश. मोठ्या बाई म्हणाल्या, आधी लॅबचा कागद आणा. मी ओलावा नि बुरशी तेवढी पाहिली होती. फवारणीचं डोक्यातच आलं नव्हतं.

११ जून
रिपोर्ट आला. कीटकनाशक मर्यादेच्या वर. साली दोनदा धुतल्या होत्या. वाळवताना पाणी उडालं, विष राहिलं. हेच मुलांना फळ्यावर शिकवायचे मी.
अफझलगंजला भावजींच्या ऑफिसात गेले. म्हणाले, लोक सालीसकट आंबा खातातच की, दुसऱ्या पोत्यातला नमुना देऊ. मग हळू आवाजात, "वहिनी, शाळेला जबान दिलीय मी."
"त्या पोरांना नाही ना दिली," म्हटलं. खाली उतरून मोठ्या बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. भावजी जिन्यात उभे होते.
मीराला अजून सांगितलेलं नाही.

१२ जून
सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं. "किती दिवस खाल्लं मी, आई?"
सत्तावीस.
डॉक्टरीणबाईंकडे दोघी गेलो. म्हणाल्या, प्रमाण थोडं आहे, बहुधा काही नाही. 'बहुधा'वर मीरानं माझ्याकडे पाहिलं.

१८ जून
भावजी स्वतः आले. जहीराबादकडच्या एका बागेत फवारत नाहीत म्हणे, तिथल्या साली गोणीभर आणल्या. "परेशान होऊ नका. हे आधी तपासा, मग बोलू." एवढंच. चहा न घेता गेले.
उद्यापर्यंत वाळत घातल्या नाहीत तर आंबतील. गोणीला अजून हात लावलेला नाही.
दुपारी धिरडी करायला तांदळाचं पीठ काढलं. मीरा दारात उभी. "हे तपासलंयस?" चेष्टेचा सूर नव्हता.
नाही म्हटलं. ती आत जाऊन पडली. पीठ तसंच परातीत.