निसाबा कुणाची कोण

बाई,

आज सकाळी शारजातल्या रोल्ला भागातल्या एका सभागृहात मी लेखनाच्या देवीवरून इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांशी भांडले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी हे तुमच्या कानावर घालावंसं वाटलं, कारण या भांडणाची सुरुवात तुमच्याच वर्गात झाली होती. दुपारचे तीन वाजलेत. अल नहदातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीखाली दुबईकडे जाणाऱ्या गाड्या खोळंबून उभ्या आहेत. माझा राग काही उतरत नाही. तेव्हा तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे मी रागाचीसुद्धा क्रमवार मांडणी करायला बसले आहे.

आधी पार्श्वभूमी. मी इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवते. मंडळाने यंदा नवरात्रात देवींवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आपल्या देवींची चित्रं दरवर्षीच लागतात. मी सुचवलं की यंदा शेजारणींना बोलावू. इथला समुद्र उत्तरेकडे वर जातो, त्याच्या टोकाशी इराक आहे, आणि चार-पाच हजार वर्षांपूर्वी तिथल्या नगरांना तांबं जात होतं ते याच बाजूच्या डोंगरांतून, असं अभ्यासक मानतात. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आपण ज्या डोंगरांत थंड हवेला जातो, तेच हे डोंगर. म्हणजे नातं जुनं आहे, आपणच विसरलो आहोत. नऊ दिवस, नऊ फलक, मेसोपोटेमियाच्या नऊ देवी, असं ठरलं. माझी लेक आठवीत आहे. तिने निसाबाचा फलक हट्टाने स्वतःकडे मागून घेतला.

निसाबा! हे नाव मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. ती मुळात धान्याची देवी. धान्य साठलं की ते मोजावं लागतं, मोजलं की लक्षात ठेवण्यासाठी खुणा कराव्या लागतात, आणि खुणा वाढत गेल्या की त्यांची लिपी होते. म्हणून धान्याची देवी हीच लेखनाची, हिशेबाची, विद्येची देवी झाली. किती सरळ, किती सुंदर तर्क आहे हा! आजही वर्गात फळ्यावर धान्याचं कणीस काढून त्याचं हळूहळू अक्षर करून दाखवताना माझा आवाज चढतो, आणि मागच्या बाकांवरची मुलं एकमेकांना ढोसतात. तिथल्या पाठशाळेतली मुलं ओल्या मातीच्या पाटीवर धडा लिहून संपला की शेवटी तिची स्तुती लिहीत असत. विद्येच्या गावाची ती कुणी पाहुणी नव्हती. ते गावच तिचं होतं.

वाईच्या आपल्या शाळेतली ती दुपार मला अजून चालू असल्यासारखी दिसते. तुम्ही गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा ओल्या फडक्यात बांधून आणला आहे. आम्ही सातवीच्या मुली पडवीत मांडी घालून बसलो आहोत, आणि तुम्ही बोरूचं टोक नेहमीसारखं तिरकं न तासता चौकोनी कापता आहात. ‘दाबायचं, ओढायचं नाही,’ तुम्ही सांगता. मी सवयीने ओढते, माती फाटते. तुम्ही माझं मनगट धरून टोक उभं करता, दाबता आणि उचलता. मातीत एक छोटी पाचर उमटते. ‘ही खूण करणाऱ्यांची देवी बाई होती,’ तुम्ही म्हणता, आणि दुसऱ्या मुलीकडे वळता. जाताना तो बोरू तुम्ही माझ्याच हातात ठेवून गेलात. दोन वर्षांत त्याचे तुकडे झाले; पण मनगटावरची ती पकड मला अजून जाणवते.

पुढच्या आठवड्यातल्या चाचणीत प्रश्न होता, निसाबाविषयी माहिती लिहा. मी घरच्या मार्गदर्शकातून पाठ करून सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निसाबा ही नाबू या देवाची पत्नी होती.’ वह्या देताना तुम्ही माझ्या बाकापाशी थांबलात.

‘कुणाची कोण, असं मी विचारलं होतं?’

‘नाही, बाई.’

‘मग काय विचारलं होतं?’

‘ती कोण, ते.’

‘मग पहिल्या ओळीत तिचं काम लिही. लग्न झालं असेल तर खाली येईल कुठेतरी, जागा उरली तर.’

वर्ग खदखदून हसला. मी ब्लेडने ती ओळ खरवडली, आणि खरवडता खरवडता कागदाला भोक पडलं. त्या दिवशी तुमचा खूप राग आला होता. आज वाटतं, माझ्या सगळ्या शिक्षणातलं तेच एक वाक्य मी पूर्ण शिकले. म्हणजे शिकले, असं आज दुपारपर्यंत समजत होते.

तर मंडळ. आमचे चिटणीस अबुधाबीला बँकेत आहेत. शनिवारी पहाटे गाडी काढून मंडळासाठी इकडे येतात. इतक्या तळमळीचा माणूस दुसरा नाही, हे आधी नोंदवते, म्हणजे पुढचं लिहिताना माझा तोल जाणार नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी मजकूर घेऊन त्यांच्या बहिणीच्या घरी गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

‘मॅडम, हे ‘डोंगराची बाई’ काय आहे?’

‘निनहुरसाग. त्या नावातला ‘निन’ म्हणजे स्वामिनी, मालकीण. कितीतरी देवींच्या नावांत तो येतो. आपल्याकडे आदराने बाई म्हणतात, तसाच.’

‘अहो, आमच्याकडे बाई पाच ते सहा येते आणि भांडी करून जाते. देवीला बाई? लोक हसतील. डोंगराची बाई म्हणजे काय, हिल स्टेशनची मेड?’

त्यांची बहीण चहा ठेवत म्हणाली, ‘आणि ती दोन दिवस आली नाही की वहिनीला तीच देवी वाटते, दादा. असू दे ते बाई.’

‘तू थांब गं. मॅडम, ‘माता’ करू या. सेफ आहे.’

‘निसाबा लेखनाची देवी आहे. तिला माता कशासाठी म्हणायचं?’

‘मग पत्नी करा ना. कुणाची तरी असेलच की! पब्लिकला कनेक्ट लागतो. लक्ष्मी म्हटलं की विष्णू, सिंपल. आणि ही बिअरवाली कोण? शारजात? नको नको, खलास, आऊट!’

मद्याची ती देवी मी निमूटपणे काढली. ज्या गावात राहतो तिथला कायदा पाळावा. तिच्या जागी प्रायोजकांच्या मसाल्यांचा फलक आला आणि नऊ भरले. निसाबाच्या बाबतीत मात्र मी तासभर बोलले. शेवटी ते हात जोडून म्हणाले, ‘ओके, मॅडम, ओके. तुमचंच ठेवू. इन्शाल्ला सगळं नीट होईल.’

आज सकाळी सभागृहात फलक लागले होते. माझ्या लेकीच्या फलकावर, तिने दोन आठवडे खपून काढलेल्या कणसाच्या चित्राखाली, छापलं होतं, ‘निसाबा: नाबूदेवाची पत्नी. धान्य व लेखन यांच्याशी संबंधित.’

संबंधित! बाई, हा शब्द पाहून माझं डोकं फिरलं. जिने घर बांधलं तिला त्या घराशी संबंधित म्हणायचं? तुम्ही म्हणाल, शांतपणे तपासून बघ, यात खोटं काय आहे? तपासलं. निसाबा आधीची, नाबू नंतरचा. शेकडो वर्षं लेखणी तिच्या हातात होती. पुढे बाबिलोनचा प्रभाव वाढला, लेखकांचा देव म्हणून नाबू पुढे आला, आणि ती मागे मागे सरत गेली. अगदी उशिराच्या काळात तिला त्याच्या शेजारी पत्नी म्हणून बसवलेलं दिसतं. म्हणजे आधी पद काढून घेतलं, आणि मग त्याच पदावर बसलेल्याची बायको म्हणून तिची सोय लावली. त्याहून जुन्या परंपरेत तिचा नवरा वेगळाच आहे. त्याचं नाव हाया. आणि या हायाची मुख्य ओळख काय, तर निसाबाचा पती! हे मात्र कुणाला फलकावर छापावंसं वाटत नाही.

आणि ही एकटीची गोष्ट नाही. पाताळाची राणी एरेश्किगल घ्या. मृतांच्या राज्यात तिचा शब्द शेवटचा. पुढच्या एका कथेत एक देव खाली उतरतो, केस धरून तिला सिंहासनावरून ओढतो, आणि तिच्याशी लग्न करून राजा होऊन बसतो. निनहुरसाग माणसं घडवणारी. पुढे पुढे घडवण्याचं श्रेय चतुर देवाकडे जातं आणि तिच्याकडे सुईणपण उरतं. टिकली ती इनान्ना, प्रेमाची आणि युद्धाची. तिच्याकडून काही काढून घेण्याची कुणाची छाती झाली नसावी. मी भाबडी नाही. देवी सिंहासनावर होत्या म्हणून साध्या बाईला सिंहासन मिळत नव्हतं, हे मी दरवर्षी मुलांना बजावते. पण तिथे मद्यालयं चालवणाऱ्या बायका होत्या, मातीच्या पाट्यांवर करार लिहिणाऱ्या लेखनिक स्त्रिया होत्या, आणि आपल्या रचनेत स्वतःचं नाव गुंफणारी, जगाला ठाऊक असलेली बहुधा पहिलीच व्यक्ती ही एक राजकन्या, चंद्रदेवाची पुजारीण होती. एवढं सगळं असताना चार हजार वर्षांनी आम्ही शिकलेसवरलेले लोक वातानुकूलित सभागृहात तेच केस धरून तीच राणी पुन्हा खाली ओढतो, आणि त्याला कनेक्ट म्हणतो.

मी चिटणिसांना गाठलं. ‘हे कुणी बदललं?’

‘मॅडम, प्रिंटरवाला म्हणाला, मजकूर जास्त होतोय. मग शॉर्ट केलं. पत्नी आहे ना शेवटी? चूक तर नाही!’

‘तुमच्या बहिणीचा दातांचा दवाखाना आहे. तिच्या पाटीवर ‘अमुक यांची पत्नी, दातांशी संबंधित’ असं लिहाल?’

दाराशी फुलं लावणारी त्यांची बहीण मोठ्याने हसली. त्यांना हसू आलं नाही. ‘अर्ध्या तासात उद्घाटन आहे, मॅडम. यल्ला, चला, आता विषय संपवा.’

माझी लेक तिच्या फलकापाशीच उभी होती. तिने पिशवीतून पांढरा कागद काढला. ‘शी केम फर्स्ट, अंकल,’ एवढंच म्हणाली, आणि जमिनीवर बसून मोठ्या अक्षरांत लिहू लागली. तिचं मराठी अक्षर अजून बाळबोध आहे. ‘धान्य’ लिहिताना ती दोनदा अडली. ‘निसाबा. धान्याची आणि लेखनाची बाई.’ चिटणिसांनी ती पट्टी पाहिली, घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. शेवटी ते म्हणाले, ‘चिकटवा, बाबा, चिकटवा. तसंही लोक मसाल्याच्या फलकापाशीच थांबणार आहेत.’ आणि टेपचं रीळ त्यांनीच आणून दिलं.

जिंकलो आम्ही, बाई. मला वाटलं, तुम्हाला अभिमान वाटेल.

परतताना रस्ता तुंबला होता. लेक खुशीत होती. तिने विचारलं, ‘हू टॉट यू ऑल धिस, आई?’

‘आमच्या बाईंनी.’

‘बाई म्हणजे? व्हॉट वॉज हर नेम?’

मी तुमचं आडनाव सांगितलं. तिने फर्स्ट नेम विचारलं. मी सिग्नलकडे बघत राहिले, आणि माझ्या तोंडून गेलं, ‘आमच्या मुख्याध्यापकांच्या पत्नी होत्या त्या.’

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. हळूच म्हणाली, ‘सो यू डोन्ट नो.’ त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी आठवते आहे. तुमच्या घरी वही द्यायला आले होते, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता पेपर तपासत होतात. बाहेरच्या खोलीतून सरांनी तुम्हाला ‘अहो, ऐकलंत का’ अशी हाक मारली होती. दारावर सरांच्या नावाची पाटी होती. हजेरीपटावर तुमची सही म्हणजे एक आद्याक्षर आणि सरांचं आडनाव. ते आद्याक्षरही लग्नानंतरच्या नावाचं असेल, कोण जाणे. शाळेच्या वार्षिकात तुमच्यावर श्रद्धांजलीपर लेख लिहायला मला सांगितलं होतं. तो मी शोधून काढला. पहिलं वाक्य माझ्याच हातचं आहे, आणि त्यात तुमच्या कामाआधी सर आहेत.

शाळेला फोन करून विचारता येईल. कुणी जुनी मैत्रीण सांगेल. मी ते करीनही. पण चाळीस वर्षांत मला हा प्रश्न एकदाही पडला नाही, एवढं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. हे पत्र कुठे जाणार नाही, तरी सवयीने आधीच पाकीट काढून ठेवलं. वर ‘बाई’ लिहिलं. त्याच्या पुढे लिहिण्यासाठी माझ्याजवळ तुमचं काहीच नाही.