ओक्का यान्सनची घसरगाडी आणि बादशहाचा जकातदार

मी, ओक्का यान्सन, वय एकोणपन्नास, कै. हाबो मच्छीमाराची विधवा, धंदा ओहोटीच्या चिखलातून लोकांना वाट दाखवणे, राहणार नेसमरसील, हा कागद कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हौसेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फ्रेंच गेले! उद्या सकाळच्या ओहोटीला मी समुद्राच्या तळावरून चालत बाल्ट्रम बेटावर निघणार. नोव्हेंबरातलं धुकं कोणाची ओळख ठेवत नाही, म्हणून ही व्यवस्था.

पहिलं, घर. समुद्राच्या बांधालगतचं घर आणि गाठीला जे काही असेल ते माझी भाची टालेआ हिला. अट एकच: माझा दीर उब्बो आला तर त्याला दारातूनच वाटेला लावावं.

दुसरं, चिखलावरून ओढायची घसरगाडी आणि लांब काठी. तीही टालेआला. सात वर्षं ह्याच गाडीवरून चहा आणि साखर ओढली. फ्रेंच बादशहाने हुकूम काढला होता, इंग्रजांचा माल कुठल्याही किनाऱ्याला लागू द्यायचा नाही. इंग्रज उपाशी मरणार होते म्हणे. चहाशिवाय मरायची वेळ आमच्यावर आली. मग किनाऱ्यावर शिपाई आले, शिपायांवर नजर ठेवायला आणखी शिपाई. तरी गळती थांबेना, म्हणून त्याने हॉलंड गिळला, आम्हाला गिळलं, हँबर्ग गिळलं. शेवटी रशियाने बंदरं उघडली, तर ती बंद करायला स्वारी लाखो माणसं घेऊन मॉस्कोला गेली आणि थोडकी घेऊन परतली. माझं मागचं दार मात्र त्याला कधीच बंद करता आलं नाही.

तिसरं, किटली आणि निळे कप. तेही टालेआलाच, पण त्यांची हकीकत नोंदवून. चार वर्षांपूर्वी गास्पार नावाचा फ्रेंच जकात शिपाई सरकारने माझ्या घरी राहायला ठेवला. पहिल्याच दिवशी मी कपात खडीसाखर टाकून वर कढत चहा ओतला, ती तडकली.

"बाई, हा कसला आवाज?"

"खडीसाखर आहे. तुमच्या बादशहाला विचारून तडकत नाही."

त्याने कप पुढे केला. आमच्याकडे पाहुणा कपात चमचा ठेवेपर्यंत घरची बाई ओतत राहते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. बिचारा सभ्यपणे अकरा कप प्यायला. त्याची पहाऱ्याची वेळ टळली आणि चोरट्या मालाच्या नऊ गाड्या बांधाआड आल्या. पुढे त्याला रीत कळली, तरी चमचा ठेवायचं तो रोज विसरत राहिला. साम्राज्यं अशीच झिजत असावीत.

चौथं, माझा दीर उब्बो गिरणीवाला. ह्याने बक्षिसासाठी दोनदा फ्रेंचांकडे माझी चहाडी केली. आता तोच चौकात सोटे वाटतोय आणि एकही जकातदार जिवंत जाता कामा नये म्हणतोय. त्याला हाबोचे भोकं पडलेले बूट द्यावेत.

पाचवं. गास्पार बाकीच्या फ्रेंचांबरोबर गेला नाही, माझ्या जळणाच्या खोलीत लपला आहे. उद्या त्यालाच पलीकडे बेटावर नेतेय, तिथवर उब्बोचे सोटे पोचत नाहीत. आज तो म्हणाला, मला वाट सांगा आणि तुम्ही घरीच राहा. मी म्हटलं, ती सांगून कळत नाही, पायांना कळते.

"मग बुडालो तर?"

"तर दोघं."

त्याने जळणातलं एक लाकूड उचलून नीट रचून ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आणि पोचलो तर?"

तोंडावर उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे देते. पोचलो तर बाल्ट्रमच्या पाद्रीबाबांपुढे दोघांनी उभं राहायचं. तो कॅथलिक, मी लुथरन. तो वाद पाय वाळल्यावर.

बुडालो तर वरचं सगळं अक्षरशः पाळावं. पोचलो तर हा कागद चुलीत घालावा. मी नवा लिहीन, त्यात घरावर दोन नावं असतील.

साक्षीदार: फोल्केर्ट हारिंगा, दोरखंड वळणारा, वीब्के आयलर्स, सुईण. दोघांनी कागद वाचला, मला ठार वेडी म्हटलं आणि सही केली.

नेसमरसील, ११ नोव्हेंबर १८१३

सही: ओक्का यान्सन, विधवा, उद्या दुपारपर्यंत