युनिट संपलं की निघतो

२६ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. भाऊबीजेला सोनईला सासुरवाडीत, भरल्या पंगतीत, साडू ओंकारने मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी येस येस म्हणालो. सगळे हसले. मागून कळलं, त्याने विचारलं होतं, हल्ली काय करता? ओंकार पुण्याला कंपनीत आहे, मी भिंगारमध्ये हार्डवेअरच्या दुकानात बिलं करतो, ते ठीक. पण स्नेहलने ताटातून मान वर केली नाही. सातवीतली पोर, बापाकडे बघेना. ते फार लागलं.

माधुरी आणि स्नेहल सोनईलाच थांबल्यात. पुढच्या रविवारी न्यायला जायचं ठरलंय. एसटी दारावरून जाते, येतील आपल्या आपण. पण सासूबाईंकडे पद्धत आहे, लेक माहेराहून निघायची तर जावयाने स्वतः यायचं.

संकल्प : आता सोनईत पाऊल ठेवायचं ते इंग्रजी घेऊनच.

२ नोव्हेंबर, रविवार
नगरहून पुस्तक आणलं. वीस युनिटं. पद्धत एकदम शास्त्रीय. एक शब्द घ्यायचा की त्याचं अख्खं खानदान पाठ करायचं. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. शेवटी स्वतःचं वाक्य लिहायचं. लिहिलं : आय अ‍ॅम अ डिसायसिव्ह मॅन.

सोनईला गेलो नाही. युनिट अर्ध्यावर सोडून उठणं बरं दिसत नाही. फोनवर तसं सांगितलं. माधुरी म्हणाली, बरं.

९ नोव्हेंबर, रविवार
युनिट दोन. शब्दकोश बघायचाच नाही म्हणे. अनोळखी शब्द आला की आजूबाजूची वाक्यं बघायची, अर्थ आपोआप सुटतो. याला कॉन्टेक्स्ट म्हणतात. मला हे लगेच जमलं. मुळात माझं निरीक्षण चांगलं आहे.

सासूबाईंचा, म्हणजे कलाबाईंचा फोन. जावईबापू, कवा येताय न्यायला? लोकं इचारत्यात. म्हटलं, युनिट संपलं की निघतो. त्या म्हणाल्या, युनिट म्हंजी लाइटीचं का? समजावत बसलो नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काल जाणार होतो. शर्टाला इस्त्रीसुद्धा केली. पण युनिट तीनमध्ये निगलेक्ट आला. निगलेक्ट, निगलिजन्स, निगलिजन्ट, निगलिजिबल. हे खानदान मोठं निघालं, दिवस गेला. वाक्य : द गव्हर्नमेंट निगलेक्ट्स अवर रोड.

स्नेहलने फोनवर स्वेटर आणि गणिताचं पुस्तक मागितलं. एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. ती म्हणाली, पप्पा, तुम्हीच का नाही आलात घेऊन? म्हटलं, तुझ्यासाठीच अभ्यास करतोय. तिने फोन आईकडे दिला. कौतुक वाटलं असणार.

३० नोव्हेंबर, रविवार
राधाकृष्ण शेठनी आपण होऊन दुकानातला टेम्पो देऊ केला. म्हणाले, मच्छिंद्र, बायकोला आण आधी. डब्याशिवाय किती दिवस काढशील? माझ्या डब्यावर त्यांचं लक्ष आहे हे कळलं. म्हटलं, शेठ, आय अ‍ॅम नॉट रिलक्टंट. ते म्हणाले, आजारी हायेस का? रिलक्टंट म्हणजे नाखूश, हे त्यांना कुठून ठाऊक.

टेम्पो घेतला नाही. युनिट चार फार निसरडं आहे, मध्ये सोडलं तर मागचं सगळं धुऊन जाईल. शिवाय ओंकार नाताळात सोनईला येणार आहे. तेव्हाच जावं, म्हणजे एका फेरीत दोन कामं.

घरात फार शांत आहे. अभ्यासाला उत्तम.

१२ डिसेंबर, शुक्रवार
माधुरी आली होती! मेहुणा योगेशच्या पिकअपमधून. मी गच्चीवर पर्सिस्ट, पर्सिस्टन्स म्हणत होतो, खाली येईपर्यंत तिने शिलाई मशीनचं कव्हरसुद्धा बांधलं होतं. माहेरी करमत नसेल, शिवण काढलं असेल. बोलता बोलता म्हणाली, स्नेहलचा शाळेतून दाखला काढला. दाखला कधीही लागतो, जवळ असलेला बरा.

तिला पर्सिस्टन्सचं खानदान म्हणून दाखवलं. तिने उभ्याने सगळं ऐकलं. पदर खोचलेला तसाच.

योगेशने आणि मी मशीन गाडीत चढवलं. लई जड हाय म्हणाला. गाडी चालू झाली आणि माधुरी उतरून परत दारात आली. म्हणाली, न्यायला तुमी यायचं हुतं. मी आले. आता तुमी नुसतं थांब म्हना, मी मशीन खाली उतरवते.

मी म्हणालो, अगं राहू दे, एवढं चढवलंय तर.

तिने खोचलेला पदर सोडला. मग गेली. मशीन होतं तिथं फरशीवर चार ठसे आहेत. पुसले, पण जात नाहीत.

२५ डिसेंबर, गुरुवार
सोनईला जायचं होतं. गेलो नाही. ओंकार आलाय, आणि मी अजून युनिट नऊवर. अर्ध्या तयारीने गेलो तर पुन्हा येस येस. चिडचीड होतेय. चहा दोनदा उतू गेला.

दुपारी कॉन्टेक्स्टचा सराव म्हणून दाखल्याचा विचार केला. मग तो सराव थांबवला.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत
शेवटी गेलो. शेठनी सुट्टी दिली, तिळगूळ घेतला. बसमध्ये घोडेगावपर्यंत वाक्यं घोकली. आय हॅव कम विथ अ डेफिनिट डिसिजन. नंतर पुढची.

ओंकार पुण्याला गेलेला. ऐकायला कोणीच नव्हतं.

कलाबाईंनी खुर्ची दिली. पूर्वी मी थेट चुलीपाशी जाऊन बसायचो. चहा बशीवाल्या कपातून आला, पाहुण्यांना देतात त्या. खिडकीशी मशीन. दोरीवर गावातल्या बायकांचे ब्लाऊज लटकलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. स्नेहल शाळेतून आली, गणवेश वेगळा, निळा. पप्पा म्हणाली आणि आत गेली. आजूबाजूची वाक्यं बघावीत तसं मी सगळं बघत होतो. अर्थ पहिल्या मिनिटातच सुटला. तो मला नको होता.

माधुरीने मशीन थांबवलं. विचारलं, न्यायला आलाय का भेटायला?

मला येणारा एकही शब्द तिथं चालणारा नव्हता. कलाबाई बघत होत्या, योगेश बघत होता. मी म्हणालो, सहज आलो होतो.

ती म्हणाली, मग च्या निवतोय, घ्या. आणि मशीन चालू केलं.

१८ जानेवारी, रविवार
युनिट दहा. एक शब्द पाठ झाला नाही. शेवटचा प्रश्न नेहमीचा, स्वतःचं एक वाक्य लिहा. लिहिलं : माधुरी, चल घरी.

इंग्रजी केलं नाही. बुधवारी तिथं एवढंच म्हणायचं होतं. बारा डिसेंबरलाही एवढंच. लिहिलेल्याकडे बघत बसलो आणि रडू आलं. चाळिशी उलटलेला माणूस, पुस्तक पुढ्यात घेऊन.

मग फोन लावला. तिनेच उचलला. एका दमात म्हणालो, मी उद्या पहिल्या गाडीने येतो, चल घरी, मशीन मी उचलतो.

मागे स्नेहल काहीतरी मोठ्याने पाठ करत होती.

मग माधुरी म्हणाली, आता नगं. पोरीची युनिट टेस्ट हाय. ती संपू द्या, मग बघू.

मी म्हणालो, बरं.

टेस्ट कधी संपते ते विचारायचं राहिलं.