तेलाचा काटा

लिपा, बुधवार, १२ जानेवारी १९९४

प्रिय रुफिनो,

तुझा जपानहून पाठवलेला खोका गुरुवारी, तीन राजांच्या सणाला पोचला. दोरी, चिकटपट्टी सगळं शाबूत होतं. आत निघालं ते असं: खारवलेल्या मांसाचे डबे बारा, साबण वीस, टॉवेल चार, माझ्यासाठी एक लोकरीचा स्वेटर आणि कॉफीच्या दोन बाटल्या. कॉफीच्या गावाला कॉफी पाठवणारा तूच. तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं तुझ्या वडिलांचं सामान: इंजिनाच्या तेलाची उष्णता मोजणारे दोन सेन्सर, त्यांचे दोन काटे आणि सेन्सर धरायला तेलाच्या फिल्टरमागे बसवायची जाडजूड चकती. किमतीच्या चिठ्ठ्या काढायला विसरलास. येनचे पेसो करून पाहिले, आठ हजार चारशे. एवढ्यात निम्म्या घरावर नवे पत्रे पडले असते. पण मी चिडले आहे ती या पैशांवरून नाही, हे आधीच सांगते.

तुझे वडील शनिवारपासून इस्पितळात आहेत. उजवा तळहात भाजला आहे. शेवटची दोन बोटं काळी पडली आहेत, ती राहतील की कापावी लागतील हे डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत. जिवाला धोका नाही. लगेच रजेसाठी साहेबाच्या पाया पडू नकोस. हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच, आणि बसून वाच.

त्या लाल गाडीचं मी तुला काय सांगणार! तुझ्याहून एक वर्षाने धाकटी ती, आणि घरात लाड तिचेच जास्त झाले. दर वर्षी संत सेबास्टियनच्या जत्रेला सगळे जुन्या गाड्यावाले तलावापासून वर तागायताईपर्यंत चढ चढतात. गेल्या वर्षी निम्म्या चढावर तिचं इंजिन जळालं. पाण्याचा काटा अगदी ठीक होता, पण तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं आणि आतले बेअरिंग खाऊन टाकले. वर्षभर यांनी ते इंजिन पुन्हा उभं केलं. या जत्रेला चढायचंच, असा हट्ट. म्हणून तेलाचा काटा हवा, असं मला सांगितलं. मी म्हटलं, तीस वर्षं तुमचा तळहात होता की, आता काटा कशाला? तर म्हणे, एपांग, जमाना बदलला.

तो तळहाताचा प्रकार तुला ठाऊक आहे. मला कधीच आवडला नाही. इंजिन थोडं पळवायचं, फिल्टरवर हात ठेवायचा आणि ‘नमो मारिये, कृपापूर्णे’ सुरू करायचं. ‘नमो’लाच हात उडाला तर तेल फार तापलंय, बंद करा. ‘कृपापूर्णे’पर्यंत टिकला तर खुशाल पळवा. आणि सगळी प्रार्थना आमेनपर्यंत झाली तर इंजिन अजून थंडच आहे. मरियामातेच्या नावाने तेल मोजतात म्हणून मी एकदा पाद्रीबाबांकडे तक्रार नेली होती. ते हसत म्हणाले, बाई, या निमित्ताने तो दिवसातून दहा वेळा म्हणतो तरी! त्या दिवशी मीही हसले होते.

शनिवारी सकाळी चर्चमधून, मिसा आटोपून आले तर गाडी ठोकळ्यांवर चढवून हे माझी वाट बघत बसलेले. म्हणाले, आज तू माझे हात हो. मी म्हटलं, तुमचे कुठे गेले? तर म्हणाले, म्हाताऱ्याचे हात साबणासारखे होतात, नट धरला की निसटतो. हे खरंच होतं. उधळ्यासारखे नट सांडत होते वर्षभर. कपही फोडले चार. सदऱ्याची बटणं मी लावत होते. संध्याकाळी जपमाळ धरली की एका प्रार्थनेला तीन तीन मणी पुढे सरकायचे, आणि मी सगळ्या शेजारणींसमोर त्यांना बोलायचे, तुमचं चित्त गॅरेजात, देवाला काय फसवता? ते मान खाली घालायचे. मला वाटायचं, लाजले.

तर मी हात झाले. जुनं तेल पिंपात सोडलं, फिल्टर फिरवून काढला, चकती घासूनपुसून बसवली, तिच्यावर फिल्टर परत चढवला. हे शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. डावीकडे गं, डावीकडे! चपाती लाटत नाहीयेस तू! मी म्हटलं, तुम्हाला येत असेल तर या खाली. दोघंही हसत होतो, रुफिनो, खोटं कशाला सांगू. तळाच्या बुचात बसायचा सेन्सर राहिला, कारण त्याचे आटे जुळेनात, लेथवाल्याकडून नवं बूच करून आणायचं ठरलं. फिल्टरपाशी बसायचा तेवढा बसवला. पण त्याआधी मी तो स्वयंपाकघरात नेला आणि त्याच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप चांगले आठ वेढे गुंडाळली. घरातला एकही नळ माझ्या हातचा गळत नाही. एवढं महागाचं तेल थेंबथेंब जमिनीत जाऊ देणारी बाई मी नाही. यांना सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

जुनंच बूच लावून नवं तेल ओतलं आणि इंजिन सुरू केलं. मी आत बसून पायाने अॅक्सिलरेटर दाबत होते, हे बाहेर. काटा हलेना. म्हणाले, नवी नवरी आहे, लाजते, थांब जरा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. काटा तळाशी मेल्यासारखा. मी ओरडून विचारलं, अहो, बंद करू का? तर म्हणाले, थांब, मी बघतो. इंजिनावर वाकले. आवाज एवढा होता, तरी मला त्यांची प्रार्थना ऐकू आली. नमो मारिये, कृपापूर्णे. पुढे म्हणत गेले, सावकाश, एकेक शब्द. आमच्या मरणाच्या वेळी, आमेन. आणि मान वर करून मला म्हणाले, थंडगार आहे, एपांग, अजून दाब!

मला वास आला. वायर जळली असं वाटून मी किल्ली फिरवली. त्यांनी हात उचलला आणि तळव्याची कातडी तिथेच राहिली. ते हाताकडे असे बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे. ओरडले नाहीत. मी ओरडले. गल्ली गोळा झाली ती माझ्या आवाजाने.

इस्पितळात रक्त तपासलं. साखर इतकी, की डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा वाचला. मला विचारतात, घरात काय खातात हे? मी काय सांगू? सकाळी भातावर कॉफी ओतून देते, वर दोन चमचे साखर. दुपारी केळीच्या पानातला गोड भात. थकले आहेत, वाळले आहेत, म्हणून डिसेंबरपासून साखर वाढवली होती मी. स्वतःच्या हाताने वाढवली. मग त्या म्हणाल्या, हात आज बधिर झालेला नाही, हे जुनं दुखणं आहे, कधीपासून आहे? हे भिंतीकडे बघत म्हणाले, नोव्हेंबरपासून. आणि मी गाढवीण मान डोलावत उभी, नोव्हेंबर, नोव्हेंबर.

त्यांचे कपडे पिशवीत घालून मला दिले. सदऱ्याच्या खिशात तुझ्या आवाजाची टेप होती, कॅसेट. खोक्यात मला दिसली नव्हती, म्हणजे माझं लक्ष जाण्याआधीच काढून घेतली असणार. वर तुझं अक्षर: ‘फक्त बाबांसाठी’. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांचं कधी पत्र फोडलं नाही. टेप लावली. बावीस वर्षं ज्याला मांडीवर, मग डोक्यावर, मग मनात वागवलं, त्याचा आवाज, आणि तो मला सोडून बोलतोय. तू म्हणतोस, “बाबा, आता फिल्टरवर हात ठेवायची गरज नाही, हा काटा सांगेल. तुमच्या हाताचं आईला सांगू नका असं म्हणालात, नाही सांगत. पण साखर कमी खा, बरं का.” बरं का! मोठा शहाणा! साखर कोण वाढत होतं, रुफिनो? मग पुढे तू म्हणतोस, “आणि सेन्सरच्या आट्यांना नळाची टेप लावू नका. एकच वायर आहे, विजेची दुसरी बाजू इंजिनाच्या लोखंडातून जाते. टेप लावली तर काटा हलणार नाही.”

ही गोष्ट मला सांगायची होती की नाही? तुझ्या बापाने टेप लपवली, कारण तिच्यात हाताचं गुपित होतं. आणि गुपिताबरोबर ही ताकीदही खिशात राहिली. काल मी गॅरेजात गेले. सेन्सर काढला, आठही वेढे सोलले, आटे घासले, परत बसवला, इंजिन चालू केलं. काटा उठला. हळूहळू नव्वदवर जाऊन उभा राहिला, शहाण्या मुलासारखा. मी त्याच्यासमोर बसून रडले आणि मग तुम्हा दोघांना अशा शिव्या दिल्या, की रविवारी पाद्रीबाबांपाशी कबूल कराव्या लागतील. माझी चूक मी पदरात घेते. आठ वेढे माझेच. पण मला आंधळी ठेवून कामाला लावलंत ते तुम्ही. काय समजलात मला? ऐकून मोडून पडले असते? तुझे तीन भाऊ पुरून उभी आहे मी. यांचं पथ्य सांभाळलं असतं, मुळांचा काढा दिला असता, जपमाळेचे मणी मी सरकवले असते आणि शेजारणींसमोर त्यांचा अपमान केला नसता. दोन मर्द मिळून एका बाईला दुःखापासून वाचवायला निघाले, आणि तिच्याच हातून हे घडवलं.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. डॉक्टरीणबाई म्हणतात, बधिरपणा दोन-तीन महिन्यांचा असेल तर बोटांना रक्त पोचत असण्याची आशा आहे, वाट बघू. जुना असेल तर वाट बघण्यात विष वर चढेल, बोटं काढलेलीच बरी. त्या म्हणतात खरं सांगा, आणि हे दर वेळी म्हणतात नोव्हेंबर. मला खात्री आहे की खोटं आहे, नट तर वर्षभर सांडत होते. त्यांना वाटतं मोठा आकडा सांगितला तर सुरी लगेच येईल. त्यांनीही तुला टेपेवर बोलूनच आपल्या हाताचं कळवलं असणार, ती टेप कधीची आहे, ते फक्त तुला माहीत. लिफाफ्यावर शिक्का असेल, बघ. गेल्या जत्रेच्या नंतरची असेल तर लिहून टाक. आणि त्या आधीची असेल, म्हणजे चढावर इंजिन जळालं तेव्हा त्या हाताला तेल तापलेलं कळलंच नव्हतं, आणि हे ठाऊक असून तू त्यांना चाकामागे बसू दिलंस, तर तेही लिही. मी तुला काय म्हणेन त्याला घाबरू नकोस, जे म्हणायचं ते मी यांच्या दोन बोटांनंतर म्हणेन. फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलतोस. महिनाअखेरपर्यंत थांबायचं डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं आहे. त्यांची ती टेप आणि तिची तारीख उलट टपाली पाठव.

तुझीच,
आई एपिफानिया