मंगळवारची दाढी

प्रिय नटव्या,

तुझी पिशवी पोचली. वर्षभराच्या पावत्या त्यात कोंबून वर 'ताई, बघ काय ते' अशी चिठ्ठी टाकणारा माणूस हॉटेलच्या काउंटरवर शंभर खोल्यांच्या किल्ल्या सांभाळतो, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. आणि करातून वजा करायला पाठवलंस तरी काय काय! कटिंग, फेशियल, अत्तर, दात चमकवणं, भुवया. भुवया, अरे! हात जोडून सांगते, गणवेशाची धुलाई चालते, कारण तो हॉटेलचा आहे. तोंड तुझं स्वतःचं. मॅनेजरने टापटीप राहायला सांगितलं म्हणून ते कामाचं होत नाही. गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शाळेला उशीर व्हायचा तोही तुझ्या भांगापायीच, आणि दारात ताटकळायचे मी.

लाल पेन घेऊन एकेका पावतीवर काट मारत गेले. न्हाव्याच्या पावत्यांपाशी आले आणि डोकंच फिरलं. दर मंगळवारी दाढी, तीही घरी येऊन! साहेबांना आता घरपोच न्हावी लागतो! पण मंगळवारी सकाळी तू ड्यूटीवर असतोस, आणि दाढी तर तू कधीची राखली आहेस. मग पावतीवरचा पत्ता वाचला. बाबांचा.

त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून तो न्हावी येतो. जुनी ओळख म्हणून पैसे घेत नाही, असं बाबा मला कौतुकाने सांगतात आणि मी मान डोलावते. कॉलेज सोडून हॉटेलात लागलास, त्या भांडणाला चार वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही. आणि इकडे हे! न बघता कोंबल्यास म्हणून सापडलास. मला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. पैसे द्यायला हात पुढे होतो, मग दाराची बेल वाजवायला का होत नाही?

या पावत्याही वजा होत नाहीत, पण त्यांच्यावर मी काट मारली नाही. येत्या मंगळवारी येऊ नका, असं न्हाव्याला कळवलं आहे. बाबांना त्यातलं काही माहीत नाही. ते दहा वाजता गळ्याभोवती टॉवेल घेऊन खिडकीपाशी बसतील. रजा टाक. वस्तरा कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्यांच्या हनुवटीखाली तो जुना व्रण आहे, तिथे हात हलका ठेव.

तुझीच वैतागलेली,
ताई