मधूच्या कॅमेऱ्याची काच

४ फेब्रु., बुध.
मधूकडे गेलो. लकवा मारल्यापासून त्याच्याकडे शब्द एकच उरलाय, 'नाही'. चहा घेतोस? 'नाही.' आणि कप ओढून घेतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दिवसभर कपाटातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात. काढून दिला तर ढकलतात. तुम्हीच बघा."
जुना रीळवाला. त्याच्यावर मधूने अर्ध्या बुऱ्हाणपूरची लग्नं काढली. भिंगात आतून बुरशी. वाटलं, हेच सलत असेल.
"साफ करून आणू?"
"नाही." पण हसला. घेऊन आलो.

६ फेब्रु., शुक्र.
पुढची रिंग हलेना. रबरी बूच दाबून फिरवलं, शेवटी कर्र करून सुटली. काच तळहातावर. मागच्या अंगाला बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. स्पिरिट, मऊ सुती कापड, मधून कडेकडे. बरीचशी गेली. एक पुसट डाग राहिला. घासला नाही, काचेवरचा लेपच निघायचा.
मग घोटाळा. जास्त फुगीर बाजू बाहेर की आत? खूण करायची विसरलो. आयुष्यभर पोरांना भिंगं शिकवली मी!

७ फेब्रु., शनि.
रिळाच्या जागी ट्रेसिंग पेपर लावला, शटर उघडं ठेवलं. समोरची गच्ची उलटी दिसली, पण कडा विरघळलेल्या. काच पालटून बसवली. आता दोरीवरच्या साड्यासुद्धा स्वच्छ. जमलं. बहुतेक.

८ फेब्रु., रवि.
नेऊन दिला. मधूने डाव्या हाताने उजेडात धरला. डोळे भरले. "नाही, नाही, नाही." माझ्याकडे ढकलला.
आवडला की रागावला? मला द्यायचाय? नाही. विकायचा? नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडला.
काही बिघडवलं का मी? तो डाग दिसला असेल? की साफ करायचाच नव्हता... परतताना शनवारा दरवाज्यापाशी उगाच स्कूटर थांबवून उभा राहिलो. डोकं चालेना.

११ फेब्रु., बुध.
परत आणलेल्या कॅमेऱ्यात रीळ भरून नेला. म्हटलं, मधूचाच फोटो काढू. तोंड फिरवलं. वहिनींना शेजारी बसवलं, तरी "नाही". मग कॅमेरा माझ्या हातून ओढला आणि वहिनींच्या मांडीवर ठेवला.
"अगंबाई, मला कुठं येतं?"
इतक्या वर्षांच्या संसारात त्याने त्यांना कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. आज त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. फोकस मी लावून दिला.
"कोणाचा काढू?"
मधूने बोट दाखवलं. माझ्याकडे, की माझ्यामागच्या उघड्या दाराकडे? मी बाजूला झालो. "नाही!" परत समोर आलो. "नाही!" तेवढ्यात वहिनींनी बटण दाबलंही. दचकल्या, मग हसायलाच लागल्या.
रीळ पुढे कसं सरकवायचं ते त्यांनी विचारलं. दाखवलं. मधू उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होता. हेच हवं होतं का, मी विचारलं नाही.