एक वाजता, दोनदा

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद (दात-ओठ खाऊन दिलेले, चालत असतील तर घे).

तुम्ही सगळे खुशाल असालच. इथे अण्णा तीन दिवस इस्पितळात राहून काल घरी आले. नाडी मंदावून न्हाणीघरात पडले होते. घाबरू नकोस, आता बरे आहेत. पण कसं झालं ते ऐक, कारण त्यात तुझाही हात आहे.

मागच्या खेपेला माझ्या कॉम्प्युटरवर तू जुन्या सिस्टीमशेजारी नवी बसवलीस. (एका घरात दोन बिऱ्हाडं, भांडण म्हणून नाही, असं वर सांगून गेलास.) भांडण नाहीच रे, पण मशीनच्या पोटातलं घड्याळ सामाईक! जुनी त्यातली वेळ आपल्या गावची समजते. नवी ती साऱ्या जगाची, म्हणजे ग्रिनिचची, समजते आणि तशी जुळवूनही ठेवते. त्यामुळे नवीतून जुनीत परतलं की घड्याळ साडेपाच तास मागे. दोघी आपापल्या जागी खऱ्या, मरण मधल्या माणसाचं.

अण्णांच्या हृदयाच्या गोळीची घंटा जुनीत लावलेली, दुपारी एकची. मंगळवारी ती वाजली, मी गोळी दिली. मग नवीत शिरून तासभर मुद्रितं तपासली (लोकांच्या चुका काढणं हा आपला धंदा) आणि डोकं त्यातच ठेवून जुनीत परतले. पुढे कधीतरी पुन्हा एक वाजला. गोळी दिल्याचं आठवेना, पण घंटा वाजतेय म्हणजे दिली नसणार! खिडकीत अंधारलं होतं, मला वाटलं आभाळ आलंय. घड्याळावर संशय घ्यायची आपल्या घरात पद्धत नाही; अण्णांनी चौतीस वर्षं कारखान्याचा भोंगा वाजवलाय. ते म्हणाले, "अगं, ही मघाशी घेतली ना?" मी खेकसले, "तुमच्या हल्ली काही लक्षात राहत नाही!" त्यांनी मुकाट्याने गिळली.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधी दिलीत? म्हटलं, एक वाजता, दोनदा. त्यांनी आधी माझीच नाडी बघितली.

तुझी,
ताई

ता. क. नवीला गावची वेळ पाळायला लावता येतं. काल मीच लावलं. एक ओळ टाइप करायची होती, एक ओळ! तेव्हा त्यासाठी येऊ नकोस.

आणखी एक ता. क. पण ये. काल अण्णांनी माझा हात धरून माफी मागितली. म्हणाले, "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही, पोरी. तुला फार त्रास झाला." आणि मी मेली "असू द्या" म्हणून उठून गेले. आता जेवण झालं का, तेही मला विचारून घेतात. तू येऊन त्यांना खरं सांग. माझ्या तोंडून निघत नाही रे.